'शुक्रवारपर्यंत' म्हणजे 'बाय' की 'टिल'? शब्दांच्या याद्या पाठ करण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिक्षण मराठी माध्यमात, नोकरी चाकणच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात, आणि रोजचा पत्रव्यवहार जर्मनीतल्या ग्राहकाशी इंग्रजीतून. नेहमी गोंधळ होणाऱ्या शब्दांची चारशे जोड्यांची यादी तुम्ही पाठ केलीत, तरी साहेबांच्या लाल खुणा थांबत नाहीत. नमुना म्हणून तीन वाक्यं दिलीत. 'वुई विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे', 'आय अ‍ॅम वर्किंग ऑन धिस लाइन सिन्स फाइव्ह इयर्स' आणि तिसरं बोल्ट सैल असल्याचं, ज्यात 'लूस'ऐवजी 'लूझ'चं, म्हणजे हरवण्याचं, स्पेलिंग पडलंय. यापेक्षा चांगली यादी कुठली, असं तुम्ही विचारता.

यादी बदलून फार उपयोग होणार नाही. बाजारातल्या बहुतेक याद्या इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्या चुकांवरून बनलेल्या असतात. ती माणसं भाषा आधी कानाने शिकतात, लिहायला मागून. म्हणून सारखे ऐकू येणारे शब्द लिहिताना त्यांची गफलत होते. 'देअर'ची वेगवेगळी स्पेलिंगं हा मुख्यतः त्यांचा त्रास. आपण स्पेलिंग घोकूनच इंग्रजीत शिरलो. आपली गफलत बहुतेक वेळा दुसऱ्याच जागी होते: मराठीत जिथे एका शब्दावर भागतं, तिथे इंग्रजीत दोन लागतात. वाक्य मनात मराठीत जुळतं आणि त्या एका शब्दासाठी दोनांपैकी जो आधी आठवेल तो कागदावर उतरतो. तुमच्या तीनपैकी दोन चुका याच जातीच्या आहेत. म्हणून वहीत डाव्या बाजूला इंग्रजी जोडी न लिहिता मराठी शब्द लिहा, आणि त्याच्यासमोर त्याची इंग्रजीतली दोन-तीन घरं.

'पर्यंत'पासून सुरुवात करू. 'शुक्रवारपर्यंत अहवाल पाठवतो' आणि 'शुक्रवारपर्यंत लाइन बंद राहील'. पहिल्यात काम एकदाच व्हायचंय आणि शुक्रवार ही त्याची मुदत आहे, तिथे 'बाय'. दुसऱ्यात एक स्थिती शुक्रवार येईतो चालू राहणार आहे; तिथे 'टिल' किंवा 'अंटिल'. व्याकरणाची व्याख्या आठवत बसू नका, मराठीतच पारख करा: 'पर्यंत' काढून 'च्या आत' घालून बघा. 'शुक्रवारच्या आत पाठवतो' सरळ वाटतं, तेव्हा 'बाय'. 'शुक्रवारच्या आत लाइन बंद राहील' कानाला खटकतं, तेव्हा 'टिल'. ही फक्त पारख आहे हं, अर्थ नव्हे. 'बाय फ्रायडे' म्हटलं की शुक्रवार मुदतीत धरला जातो. तो धरायचा नसेल तर 'बिफोर फ्रायडे' लिहा.

खरी अडचण नकारात आहे. 'शुक्रवारपर्यंत अहवाल मिळणार नाही' या मराठी वाक्याचे दोन अर्थ होतात. एक, अहवाल शुक्रवारी मिळेल, त्याआधी विचारू नका. दोन, शुक्रवार उजाडला तरी तो तयार नसेल. बोलताना सूर आणि संदर्भ आपल्याला सांभाळून घेतात. इंग्रजीत मात्र या दोन अर्थांची दोन वेगळी वाक्यं होतात. 'यू विल नॉट गेट द रिपोर्ट टिल फ्रायडे' म्हणजे शुक्रवारी मिळेल. 'यू विल नॉट गेट द रिपोर्ट बाय फ्रायडे' म्हणजे शुक्रवारचा भरवसा धरू नका. दोन्ही वाक्यं व्याकरणशुद्ध आहेत, त्यामुळे स्पेलिंग तपासणारं किंवा वाक्य सुधारून देणारं कुठलंही सॉफ्टवेअर इथे बोट ठेवणार नाही. तुमच्या मनात काय होतं हे त्याला कसं कळावं? आणि समोरचा माणूस सोमवारची जुळणी ठरवतो की पुढे ढकलतो, हे त्या एका शब्दावर अवलंबून असतं. म्हणून माझा आग्रह आहे की नकार आणि 'पर्यंत' एकत्र आले की वाक्य उलटवा आणि होकारार्थी तारीख लिहा: 'द रिपोर्ट विल रीच यू ऑन फ्रायडे'.

तुमच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. जर्मन भाषेतही या दोन्हींसाठी 'बिस' हा एकच शब्द आहे, अगदी आपल्या 'पर्यंत'सारखा. म्हणजे तुम्ही 'टिल' लिहिलंत तर तुमचा जर्मन ग्राहक कदाचित मनात 'बिस' धरून वाचेल आणि त्याला चूक जाणवणारही नाही. आणि तो 'अंटिल फ्रायडे' लिहील तेव्हा त्याला मुदत म्हणायची असण्याचीच शक्यता जास्त. दोघांच्या इंग्रजीत एकच भोक असेल तर ते आकड्याने बुजवावं. वार, तारीख, वेळ आणि कुणाची वेळ, चारही लिहा. भारतीय वेळ जर्मनीच्या पुढे असते, उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास. तुमचे शुक्रवारचे संध्याकाळचे सहा म्हणजे जुलैमध्ये त्यांच्या दुपारचे अडीच. 'एंड ऑफ डे' असं लिहिण्यात त्यामुळे काही अर्थ उरत नाही.

आता 'पासून'. 'पाच वर्षांपासून' आणि '२०१९पासून' या दोन्हींना मराठीत एकच प्रत्यय लागतो. इंग्रजीत लांबीला 'फॉर' आणि आरंभबिंदूला 'सिन्स'. पारख अशी: 'पासून' काढून टाका. 'मी पाच वर्षं या लाइनवर काम करतोय' हे वाक्य उभं राहतं, म्हणून 'फॉर'. 'मी २०१९ या लाइनवर काम करतोय' कोसळतं, म्हणून 'सिन्स'. तुमच्या वाक्यात दुसरी चूकही आहे आणि ती जास्त चिवट आहे. मराठीत आपण 'करतोय' म्हणतो, वर्तमानकाळ, म्हणून 'आय अ‍ॅम वर्किंग' सुचतं. काम मागे सुरू होऊन अजून चालू असेल आणि ते किती काळ किंवा कधीपासून हे सांगायचं असेल, तर इंग्रजीला 'हॅव बीन वर्किंग' लागतं. भविष्यातला आरंभ असेल, 'सोमवारपासून सुट्टीवर आहे', तर 'फ्रॉम मंडे'. तिथे 'सिन्स मंडे' लिहिलंत तर तुम्ही आधीच सुट्टीवर आहात असा अर्थ निघतो.

'च'कडे मात्र कुणाचंच लक्ष जात नाही, यादीत तो असणं तर शक्यच नाही. 'आजच पाठवतो'चं 'टुडे ओन्ली' होतं, 'मी पुण्यातच आहे'चं 'आय अ‍ॅम इन पुणे ओन्ली'. मराठी 'च' दोन कामं करतो: बाकीचं वगळतो, किंवा नुसतं ठासून सांगतो. 'ओन्ली' फक्त वगळतो. तेव्हा 'च'च्या जागी 'फक्त' घालून बघा. 'पाचच नग तपासले', 'फक्त पाच नग तपासले': अर्थ तोच राहिला, म्हणजे 'ओन्ली' बरोबर. 'आजच पाठवतो', 'फक्त आज पाठवतो': अर्थ सरकला, म्हणजे 'ओन्ली' काढा आणि नुसतं 'टुडे' लिहा. 'वुई विल शिप टुडे ओन्ली' वाचून परदेशी माणूस समजेल की उद्यापासून तुम्ही माल पाठवणार नाही. शिवाय 'च' शब्दाला मागून चिकटतो आणि 'ओन्ली' ज्याला लागू आहे त्याच्या आधी उभा राहतो. 'वुई इन्स्पेक्टेड ओन्ली फाइव्ह पीसेस' म्हणजे पाचच नग. 'ओन्ली वुई इन्स्पेक्टेड' म्हणजे आम्हीच तपासले, दुसऱ्या कुणी नाही. तपासणी अहवालात हा फरक किरकोळ नाही.

तुमच्या कामात सर्वात महाग पडणारा गोंधळ मात्र तुम्ही विचारलेल्यांत नाही. तो 'दोष', 'दुरुस्ती' आणि 'सुधारणा' या आपल्या रोजच्या तीन शब्दांत आहे.

'दोष' हा शब्द आपण नगातल्या खोटीसाठीही वापरतो आणि माणसाच्या जबाबदारीसाठीही. इंग्रजीत 'फॉल्ट' लिहिलंत, 'इट इज अवर फॉल्ट', तर तुम्ही जबाबदारी स्वीकारली. नगाबद्दलच बोलायचं तर 'डिफेक्ट' आणि 'नॉनकन्फॉर्मिटी' असे दोन शब्द समोर येतात, आणि तेही एक नाहीत. आयएसओ ९०००:२०१५ या शब्दावलीच्या मानकात 'नॉनकन्फॉर्मिटी' म्हणजे एखादी अपेक्षा पूर्ण न होणं, आणि 'डिफेक्ट' म्हणजे ठरलेल्या किंवा अभिप्रेत वापराशी संबंध असलेली नॉनकन्फॉर्मिटी. या फरकाला कायदेशीर अर्थ आहे, विशेषतः उत्पादनाच्या दायित्वाच्या बाबतीत, अशी टीप त्याच मानकात जोडलेली आहे. रंगाची छटा जरा वेगळी आली किंवा लेबल उलटं लागलं, वापराला काही बाध नाही, तर घाईने 'डिफेक्ट' लिहू नका. आणि ब्रेकच्या भागाला तडा असेल तर सौम्य दिसावं म्हणून 'नॉनकन्फॉर्मिटी'मागे लपूही नका. जे आहे ते लिहा.

'सुधारणा केली' या आपल्या दोन शब्दांत तर दोन अगदी वेगळी कामं मावतात. चाळीस नगांवर बर, म्हणजे कापलेल्या कडेला धातूची बारीक धार, राहिली होती, ती काढून नग साफ केले: हे 'करेक्शन', सापडलेली चूक दूर करणं. टूल झिजल्यामुळे बर येत होती, म्हणून टूल बदलण्याचं अंतर कमी केलं: हे 'करेक्टिव्ह अ‍ॅक्शन', चुकीचं कारण दूर करणं, म्हणजे ती पुन्हा होऊ नये. एट-डी रिपोर्टच्या, म्हणजे तक्रारीचं कारण शोधून ते दूर केल्याच्या आठ पायऱ्यांच्या अहवालाच्या, पाचव्या आणि सहाव्या पायरीत ग्राहकाला दुसरी गोष्ट हवी असते. तिथे 'पीसेस डीबर्ड अँड रीचेक्ड' लिहिलं की रिपोर्ट परत येतो, आणि आपल्याला वाटतं इंग्रजी चुकलं. इंग्रजी बरोबर असतं. 'सुधारणा' या एका शब्दाने पायरी चुकवलेली असते.

तसंच 'दुरुस्त करणं'. भोक मापापेक्षा लहान होतं, रीम करून, म्हणजे आतून तासून, ड्रॉइंगच्या मापात आणलं, तर ते 'रिवर्क'. भोक मोठं झालं, आत बुश, म्हणजे छोटी नळी, बसवून वापरण्याजोगं केलं, तर ते 'रिपेअर'. दुसऱ्या प्रकारात नग चालतो, पण ड्रॉइंगबरहुकूम नाही. त्यासाठी ग्राहकाची परवानगी, म्हणजे 'कन्सेशन', लागू शकते. बुश बसवलेल्या नगाला 'रिवर्क्ड' म्हणणं ही नुसती शब्दाची चूक राहत नाही, ग्राहकाला चुकीची माहिती दिल्यासारखं होतं. त्यांच्या करारात किंवा सप्लायर मॅन्युअलमध्ये या शब्दांच्या वेगळ्या व्याख्या असतील तर त्याच धरा.

'परिणाम' थोडक्यात. नुसतं नाम असेल तर 'इफेक्ट', 'ई'ने: 'उष्णतेचा परिणाम किरकोळ आहे'. 'परिणाम होणे' एका क्रियापदात सांगायचं तर 'अफेक्ट', 'ए'ने: 'हीट अफेक्ट्स द डायमेन्शन'. आपण फसतो कारण 'परिणाम होतो' म्हणतानाही आतलं नाम शाबूत असतं आणि हात 'ई'कडे जातो. शंका वाटली तर 'हॅज अ‍ॅन इफेक्ट ऑन' लिहून मोकळे व्हा, ते कायम चालतं. 'इफेक्ट'चा क्रियापद म्हणूनही वापर होतो, घडवून आणणे या अर्थी, पण तुमच्या मेलमध्ये त्याची गरज पडणार नाही.

काही जोड्यांत मराठी उलट मदतीला येते, आणि तिथे घोकंपट्टीत वेळ घालवू नये. 'राइझ' आणि 'रेझ' बघा. वाढणे आणि वाढवणे. एका 'व'ने आपण हा फरक लहानपणापासून करत आलो आहोत. तापमान वाढलं, 'रोझ'. आम्ही वाढवलं, 'रेझ्ड'.

तुमचं तिसरं वाक्य वेगळ्या जातीचं आहे, ती ध्वनीची चूक. इंग्रजीत सैल म्हणजे 'लूस', शेवटी 'स'चा उच्चार, स्पेलिंगात दोन 'ओ'. हरवणे किंवा गमावणे म्हणजे 'लूझ', एक 'ओ'. पण आपल्या शॉपफ्लोअरवर 'बोल्ट लूज झालाय' असंच म्हणतात, जहाजातल्या 'ज'सारखा 'ज'. म्हणजे मराठीत रुळलेल्या शब्दाने हरवण्याचा उच्चार घेतला आणि त्या उच्चारामागोमाग स्पेलिंगही आलं. 'अ‍ॅडव्हाइस' आणि 'अ‍ॅडव्हाइझ'चंही तसंच: सल्ला हे नाम, 'सी'ने, सल्ला देणे हे क्रियापद, 'एस'ने. आणि मराठीत दोन सल्ले मिळतात म्हणून इंग्रजीत 'अ‍ॅडव्हायसेस' करू नका. हा शब्द, 'इन्फर्मेशन' आणि 'इक्विपमेंट' एकवचनातच राहतात. 'प्रॅक्टिस'मध्ये ब्रिटिश पद्धतीत नाम 'सी'ने आणि क्रियापद 'एस'ने, तर अमेरिकन पद्धतीत दोन्ही 'सी'ने. ग्राहकाच्या कागदपत्रांत जी पद्धत दिसेल ती धरा आणि एका मेलमध्ये दोन्ही मिसळू नका.

परिस्थितीवर अवलंबून असलेले शब्द म्हणजे 'रिव्हर्ट', 'प्रीपोन', 'डाउट'. भारतीय इंग्रजीत हे रुळलेले आहेत आणि मुंबई किंवा चेन्नईच्या माणसाला लिहिताना त्यांना चूक म्हणायचं काही कारण नाही, असं माझं मत आहे. देशाबाहेर मात्र 'रिव्हर्ट'चा अर्थ पूर्वस्थितीला जाणे. 'वुई विल रिव्हर्ट ऑन द ड्रॉइंग' वाचून तिकडचा माणूस जुन्या रिव्हिजनवर जायचंय की काय, असा विचार करील, 'रिप्लाय' लिहा. 'शंका' हा शब्द आपल्याकडे प्रश्नासाठीही आहे आणि अविश्वासासाठीही, म्हणून 'आय हॅव अ डाउट' सहज निघतं. बाहेर त्यातला अविश्वासच ऐकू येतो. 'क्वेश्चन' लिहा. 'प्रीपोन', म्हणजे तारीख अलीकडे आणणे, याऐवजी नवी तारीखच द्या.

जर्मन ग्राहकांचं इंग्रजी वाचतानाही हीच नजर ठेवा, कारण त्यांच्या मनातही वाक्य जर्मनमध्ये जुळत असतं. 'अ‍ॅक्चुअल ड्रॉइंग' असं आलं तर त्यांना बहुधा सध्याचं, चालू रिव्हिजनचं ड्रॉइंग म्हणायचंय. जर्मन 'आक्टुएल'चा अर्थ सध्याचा. 'वुई विल इव्हेंच्युअली ऑर्डर ५०० पीसेस' वाचून मटेरियल मागवू नका. इंग्रजीत 'इव्हेंच्युअली' म्हणजे अखेरीस, पण जर्मन 'एव्हेन्टुएल' म्हणजे कदाचित. 'प्लीज कंट्रोल द डायमेन्शन' म्हणजे अनेकदा फक्त माप तपासा. आणि आकड्यांतले स्वल्पविराम! जर्मन पद्धतीत स्वल्पविराम दशांशासाठी आणि टिंब हजारांसाठी असतं. '१,५०० मिमी' हे त्यांच्याकडे दीड मिलिमीटर. असं काही दिसलं की अंदाज करू नका, एका ओळीत विचारा.

वही कशी करायची ते सांगतो. पाठवलेल्या मेलमधले शेवटचे तीस उघडा आणि साहेबांनी दुरुस्त केलेला प्रत्येक शब्द घ्या. त्या जागी मनात कुठला मराठी शब्द होता ते आठवून डावीकडे लिहा. उजवीकडे इंग्रजी पर्याय, खाली पारख, आणि तुमच्याच कामातली दोन वाक्यं. पुस्तकातली वाक्यं नकोत, ती हाताला लागत नाहीत. दहा-बारा मराठी शब्दांतच बहुतेक चुका येऊन बसतील. त्यानंतर काही आठवडे मेल पाठवण्याआधी शोधायच्या चौकटीत 'टिल', 'सिन्स', 'ओन्ली', 'रिव्हर्ट', 'डाउट' टाका आणि जिथे सापडेल तिथे पारख लावा. प्रत्येक मेलला दोन मिनिटं लागतील. सहकाऱ्याला मेल वाचायला देणार असाल तर त्याला आधी मराठीत सांगा की तुम्हाला काय म्हणायचंय, मग वाचायला द्या. एरवी तोही तुमच्यासारखाच मराठीतून वाचेल आणि सगळं बरोबर आहे म्हणेल.

तुमची वाक्यं आता अशी होतील: 'वुई विल सेंड द रिपोर्ट बाय फ्रायडे', पुढे तारीख आणि त्यांची वेळ. 'आय हॅव बीन वर्किंग ऑन धिस लाइन फॉर फाइव्ह इयर्स'. आणि बोल्टच्या वाक्यात दोन 'ओ'. तो किती न्यूटन-मीटरला घट्ट हवा होता आणि तपासताना किती भरला, हे दोन आकडेही तिथेच लिहा, म्हणजे 'सैल' या शब्दावर वाक्याचा सगळा भार पडणार नाही.